माझ्या बाजूचा ब्रेक

“ब्रेक लागला नाही,” कुंभोजे गुरुजी म्हणाले.

आमची मारुती चौकाच्या बरोबर मधोमध बंद पडली होती. डाव्या अंगाला दोन ट्रॉल्या भरून ऊस घेतलेला ट्रॅक्टर थांबला होता, उजव्या अंगाला दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल, आणि त्या दोघांनाही हिरवा होता. आम्हाला कुठला होता हे मला ठाऊक नव्हतं. मी खाली वाकून चपलेचा निसटलेला अंगठा बसवत होतो. गाडीनं आचके दिले तेव्हा कुठे मान वर केली, तर गुरुजींनी घाबरून दोन्ही पाय उचलून घेतलेले, आणि समोरून हवालदार बंडगर शिट्टी तोंडात धरून येतोय.

गावाला सिग्नल येऊन तेव्हा चारच महिने झाले होते. लोक तो बघायला थांबायचे, त्याचं ऐकायला कुणी थांबत नव्हतं. बंडगर मंगळवेढ्याकडचा, गावात नवा. सिग्नल आणि तो एकाच आठवड्यात आलेले, त्यामुळे दोघांची जोडी होती.

“काय मालक, लाल दिसत न्हाई व्हय?”

“पिवळा होता की साहेब,” मी ठोकून दिलं.

“पिवळा होता की काय होता ते राहू दे,” गुरुजी म्हणाले. “मी पाय ठेवला होता. रोज ठेवतो तसाच ठेवला होता. ब्रेक लागला नाही.”

“मग तर लईच झालं की. बिनब्रेकच्या गाडीत माणसं शिकवताय व्हय?” बंडगरनं गाडीच्या डोक्यावरचा ‘मुजावर मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ हा बोर्ड वाचला. “मास्तर कोण हितं?”

“मी,” गुरुजी म्हणाले.

“मी,” मीही म्हणालो.

बंडगरनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग मागच्या सीटवर केळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या काकूंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नींना, विचारलं, “आज्जी, तुम्ही काय बघितलं का?”

“मी काय बघणार बाबा,” काकू म्हणाल्या. “मी पिशवी सांभाळत होते.”

“शंभर रुपये द्या, पावती घ्या अन् गाडी बाजूला घ्या. लोक खोळंबल्यात.”

माझा हात खिशात गेला होता. गुरुजींनी तो वरच्या वर धरला. “न केलेल्या गुन्ह्याचा दंड तो भरणार नाही. काय असेल ते कोर्टात सांगू.”

पहिली ते चौथी चार वर्षं ज्या हाताला मी भ्यालो होतो तोच हात होता. मी पैसे खिशातच ठेवले. बंडगरनं खटला लिहिला तो माझ्या नावावर. गाडीत शिकवणारा असला की नाव शिकवणाऱ्याचं लागतं, शिकणाऱ्याचं नाही, असं त्यानं सांगितलं. दस्तगीर इमाम मुजावर. गुरुजींनी खाली वाकून माझ्या नावातली वेलांटी बरोबर आहे का ते पाहिलं आणि मगच गाडी बाजूला घ्यायला दिली.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो, ड्रायव्हिंग स्कूल काढून बारा वर्षं झाली होती, आणि गुरुजी सदुसष्टाचे होते.

सदुसष्टाव्या वर्षी माणूस हौसेनं गाडी शिकत नाही. काकूंच्या किडन्या गेल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसला जिल्ह्याच्या गावी जावं लागायचं, तासाभराचा रस्ता, तोही एस.टी.नं. बडोद्याच्या मुलानं एक करड्या रंगाची जुनी गाडी आणून दारात लावली होती, ती ताडपत्रीखाली उभी होती. एकदा परतीच्या एस.टी.त काकूंना उलटी झाली. शेजारची बाई नाक धरून उठली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. त्या संध्याकाळी गुरुजी माझ्या दुकानात आले, खुर्ची देऊ केली तरी बसले नाहीत आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “दस्तगीर, मला गाडी शिकव. हिला परत त्या बाकावर बसवायची नाही.”

शिकवताना मी तोंडाचा फार वाईट होतो. डॉक्टरीणबाईंपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत मी सगळ्यांवर ओरडलेलो आहे. “अहो ब्रेक, ब्रेक, पाय कुठं ठेवलाय तुमचा” हे माझं वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ होतं. पण गुरुजी स्टिअरिंगवर बसले की माझी वाचाच बसायची. त्यांना ‘असं करा’ म्हणायला तोंड उघडेना. ‘वा गुरुजी, छान’ एवढंच निघायचं. आणि खरंच ते छान चालवत होते. काकू रोज मागे बसायच्या, सोमवारी-गुरुवारी आम्ही त्यांना हॉस्पिटललाच नेऊन आणायचो. तेवीस दिवसांत कुठे घासली नाही, कुठे धडकली नाही, दर चौकात वेळेवर थांबली. आज किती वेळा थांबलो ते गुरुजी एका वहीत लिहून ठेवायचे. चोविसाव्या दिवशी हे झालं.

मी त्याच दुपारी गाडी बाळू मिस्त्रीकडे नेली. आमच्या गाड्यांना शिकणाऱ्याच्या पायाशी एक आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी एक असे दोन ब्रेक असतात. त्यानं दोन्ही तपासले, चाकं काढली, ऑइल बघितलं.

“ब्रेक ठणठणीत हाय,” तो म्हणाला. “कुणी सांगितलं लागत न्हाई म्हणून?”

“गुरुजींनी.”

बाळू मिस्त्रीही गुरुजींचाच विद्यार्थी. त्यानं चाकं पुन्हा काढली आणि पुन्हा तपासलं. ब्रेक पुन्हा ठणठणीत निघाला.

हे मी गुरुजींना सांगितलं तर त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, “तेवीस दिवस लागतो आणि चोविसाव्या दिवशी लागत नाही. पाय तोच. दाबायची रीत तीच. दस्तगीर, याचा अर्थ काय?”

“मलाही कळेना झालंय, गुरुजी.”

आणि ते खरं होतं. गुरुजी खोटं बोलत नाहीत, हे मला कळत होतं. ब्रेक खोटं बोलत नाही, हेही कळत होतं. दोन्ही एकदम खरं कसं, तिथे माझं डोकं चालत नव्हतं.

“मग आता माझं ऐक,” गुरुजी म्हणाले. “कोर्टात तुला एकच विचारतील, गुन्हा कबूल आहे का. दोष ब्रेकचा असेल तर नाकबूल म्हण आणि कारण सांग. दोष माझा असेल तर कबूल म्हण. तू मास्तर आहेस, तुला कळलं पाहिजे. आणि तू कबूल म्हणालास तर मी परीक्षेला बसणार नाही. लाल दिव्याला ज्याला थांबता येत नाही त्यानं आजारी बायकोला गाडीत घालू नये. निकाल लागेपर्यंत मी स्टिअरिंगला हात लावणार नाही.”

कोर्टाची तारीख गुरुवारची होती, लायसनची परीक्षा त्याच्या पुढच्या सोमवारची. तोवर काकूंची एस.टी. पुन्हा सुरू झाली. मी सोडतो म्हटलं तर गुरुजींनी नको म्हटलं. आरोपीच्या गाडीत साक्षीदारानं बसू नये, असं त्यांचं म्हणणं.

मी मगदूम वकिलांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला.

“कबूल म्हण, शंभर रुपये भर आन बाहेर ये. पाच मिनिटाचं काम.”

“मग गुरुजी परीक्षा सोडतायत. काकूंना जन्मभर एस.टी.”

“मग नाकबूल म्हण.”

“म्हटलं तर काय हुईल?”

“तारखा पडतील. बंडगर साक्षीला येईल, गुरुजी साक्षीला येतील. गुरुजी शपथेवर सांगणार, ब्रेक लागला न्हाई. मग कोर्ट तुला विचारणार, असल्या गाडीत माणसं बसवून शिकवतोस व्हय रे? स्कूलचं लायसन गेलं तुझं.”

“पण ब्रेक चांगला हाय. बाळूनं दोनदा बघितलाय.”

“मग गुरुजी खोटं बोलतायत म्हणून सांग.”

“गुरुजी खोटं बोलत न्हाईत.”

मगदूम वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “दस्तगीर, तू आता चहा पी आन दुसरा वकील बघ.”

दुसरा वकील मी बघितला नाही. घरी आलो तर बायको म्हणाली, कबूल म्हणा. भाऊ म्हणाला, नाकबूल म्हण, नडायला शिक. मेहुण्यानं सांगितलं, तारखेला जाऊच नकोस. जेवताना घास हातात धरून मी कबूल, नाकबूल करत बसायचो. आमच्यात लग्नात तीनदा कबूल म्हणतात. तेव्हाही माझा इतका गोंधळ उडाला नव्हता, आणि तेव्हा तर मी बायकोला धड बघितलंही नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी गुरुजींच्या दारात गाडी घेऊन गेलो. त्या दिवशी त्यांचा नाइलाज होता. कोर्ट अकराला आणि काकूंची हॉस्पिटलची वेळ दीडची, दोन्ही एस.टी.नं जमणार नव्हतं. गुरुजी पांढराशुभ्र सदरा घालून शेजारी बसले, काकू डबा आणि फायलीची पिशवी घेऊन मागे. मी सिग्नलला थांबलो तेव्हा गुरुजी माझ्या पायाकडे बघत होते.

कोर्टाच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. काकू टेकल्या, मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांचा चेहरा सुजलेला होता आणि हाताला सुयांच्या जागी काळेनिळे डाग होते. गुरुजी आपला नंबर कितवा ते बघायला यादी लावली होती तिकडे गेले.

“दस्तगीर, चप्पल बदललीस का?” काकूंनी विचारलं.

“व्हय काकू. नवीच घेतली.”

“बरं केलंस. त्या दिवशी तिचा अंगठा निसटला म्हणून झालं सगळं.”

मला काही उमगलं नाही. “चपलेचं काय काकू? चप्पल माझी. गाडी गुरुजी चालवत होते.”

काकूंनी यादीच्या दिशेला बघितलं. गुरुजी पाठमोरे होते, बोट फिरवत एकेक नाव वाचत होते.

“मी मागं मधोमध बसते,” काकू म्हणाल्या. “दोन्ही सीटच्या फटीतनं मला तुझा पाय दिसतोय. चौक आला की तुझा पाय हलतोय, मगच गाडी थांबत्याय. ह्यांचा पाय नुसता ठेवलेला असतोय, देवाला फूल ठेवावं तसा. त्या दिवशी तू खाली वाकलेलास. पाय मागं घेतलेलास.”

मी बाकाखाली बघितलं. माझा उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला होता. तो मी कधी दाबला मला कळलंही नव्हतं. बारा वर्षं समोर काही आडवं आलं की तो आपला आपण दाबला जायचा. बाकीच्यांच्या वेळी आधी तोंड सुटायचं आणि मग पाय, त्यामुळे त्यांना तरी कळायचं, आपलं चुकलं. गुरुजींच्या वेळी तोंड बंद होतं. नुसता पाय चालला होता, तेवीस दिवस, न चुकता. दर थांबण्याला मी म्हणत होतो, वा गुरुजी, छान.

“काकू, मग इतके दिवस बोलला का न्हाई?”

“कुणाला बोलू? ह्यांना? रोज घरी येऊन सांगत होते, आज नऊ वेळा थांबलो, आज अकरा वेळा. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, इतकं खूश झालेलं मी बघितलं न्हवतं त्यांना.” त्यांनी डब्याचं झाकण उगाचच घट्ट केलं. “मला वाटलं तू सांगशील. मास्तर तू हाईस.”

“परीक्षा झाल्यावर सांगतो काकू. नीट शिकवतो मग.”

“परीक्षेला गाडी तुझीच ना?”

“व्हय.”

“शेजारी तूच बसणार ना?”

मी मान हलवली. तेव्हा परीक्षा तशीच व्हायची. मैदानाला एक फेरी, पुढे गुरुजी आणि मी, मागे साहेब. गुरुजी नापास होणं शक्यच नव्हतं.

“मग पास होतील. आणि दुसऱ्या दिवशी आमची गाडी काढतील. तुझ्या जागी मी बसणार तिथं.” काकूंनी माझ्याकडे बघितलं. “माझ्या बाजूला ब्रेक न्हाई, दस्तगीर.”

तेवढ्यात गुरुजी परत आले.

“आपला नववा नंबर आहे. काय ठरलं तुझं?”

“अजून काही नाही, गुरुजी.”

“अजून नाही?” ते म्हणाले. त्यांचा आवाज चौथीत पाढा अडकला की व्हायचा तसा झाला. “दोनातलं एक सांगायचं आहे. इतकं अवघड काय आहे त्यात?”

अवघड हे होतं की नाकबूल म्हटलं तर गुरुजी ब्रेकवर बोट ठेवून सुटणार आणि सोमवारी पास होणार. कबूल म्हणून गप्प बसलं तर ते स्वतःवर बोट ठेवणार आणि गाडी सोडणार. आणि खरं सांगायचं तर त्या वहीतलं एकेक थांबणं खोडून टाकायचं, तेही त्यांच्या देखत, भर कोर्टात. मी ठरवलं, आत जायचं आणि तोंडातून जे निघेल ते निघू द्यायचं. याला ठरवणं म्हणत असतील तर मी ठरवलं.

मॅजिस्ट्रेट बाई माझ्यापेक्षा वयानं लहान होत्या. माझ्या आधीचे आठही जण ट्रिपल सीट नाहीतर लायसन नसलेले. नाव पुकारलं की पुढे जायचे, कबूल म्हणायचे आणि बाहेर पडायचे. नमस्कार करून वळेपर्यंत पुढचा उभा. बंडगर कठड्याशी उभा होता.

“दस्तगीर इमाम मुजावर.”

मी पुढे झालो. गुरुजी भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून.

“सिग्नल तोडला. गुन्हा कबूल आहे?”

माझ्या तोंडातून काही निघेना.

“कबूल आहे की नाही?”

“अर्धा आहे, मॅडम,” मी म्हणालो.

मागे कुणीतरी हसलं. बाईंनी कागदावरून मान वर केली. “अर्धा कबूल असं इथं काही नसतं. तुम्ही गाडी चालवत होता का?”

“नाही. म्हणजे होय. शिकाऊ गाडी आहे, मॅडम. शिकणारे दुसरे होते, मी शेजारी.”

“मग चूक शिकणाऱ्याची झाली, असं म्हणणं आहे तुमचं?”

“नाही.”

“गाडीत काही बिघाड?”

मी मागे बघितलं नाही. तरी गुरुजींनी भिंतीवरची पाठ सोडलेली मला कळली.

“नाही मॅडम. ब्रेक दोन्ही बाजूंनी चांगला आहे. मिस्त्रीनं दोनदा बघितलाय.”

“मग झालं काय?”

“शिकणाऱ्यांनी पाय बरोबर ठेवला होता. पण त्यांचा पाय दाबत नाही, मॅडम, कारण दाबायची वेळच त्यांच्यावर कधी आली नाही. तेवीस दिवस मीच माझ्या बाजूनं दाबत होतो आणि त्यांना म्हणत होतो, छान थांबवली. त्या दिवशी माझ्या चपलेचा अंगठा निसटला, मी खाली वाकलो. म्हणून गाडी थांबली नाही. ते माझे गुरुजी आहेत, मॅडम. त्यांना चुकलं म्हणायची हिंमत झाली नाही.”

बाईंनी पेन उचललं.

“म्हणजे कबूल आहे.”

“होय. पूर्ण कबूल.”

“शंभर रुपये दंड. आणि मुजावर, शिकवणाऱ्याचं काम काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.”

मी वळलो तेव्हा भिंतीपाशी कुणी नव्हतं.

दंड भरून बाहेर यायला मला वीस मिनिटं लागली. वाटलं होतं, गुरुजी काकूंना घेऊन स्टँडवर निघून गेले असतील. गेले असते तर बरं, असंही वाटलं. पण आवारातल्या चिंचेखाली गाडी होती आणि गाडीत दोघंही होते. काकू मागे मधोमध. गुरुजी ड्रायव्हरच्या जागेवर, दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी बंद.

मी डाव्या बाजूनं आत बसलो. ते समोर बघत होते.

“किती वेळा?” त्यांनी विचारलं.

“काय, गुरुजी?”

“तेवीस दिवसांत मी स्वतः गाडी किती वेळा थांबवली?”

“तसं सांगता येणार नाही.”

“अंदाजे सांग.”

“पहिल्या दिवशी ओढ्याजवळ म्हैस आडवी आली होती. तेव्हा तुम्ही जोरात दाबला होता.” मी त्यांच्या डाव्या पायाकडे बघितलं. “पण तो क्लच होता.”

मागे काकूंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या कळलं नाही.

गुरुजींनी खिशातून ती छोटी वही काढली, उघडली नाही, काचेपुढच्या फळीवर ठेवली. “पहिलीत तुला ‘ग’ येत नव्हता,” ते म्हणाले. “मी तुझा हात धरून पाटीवर गिरवून घेत होतो. चार दिवस. पाचव्या दिवशी हात सोडला. तू वेडावाकडा काढलास आणि रडलास. मी तुझा तो ‘ग’ पुसला नाही. तुला येत नाही हे तुला दिसायला पाहिजे होतं.” मग पहिल्यांदाच ते माझ्याकडे वळले. “तू माझा हात सोडलाच नाहीस रे.”

“चुकलं, गुरुजी.”

“भीती वाटली?”

“होय.”

“गाडीची?”

“तुमची.”

ते पुन्हा समोर बघू लागले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. “मग आत जे म्हणालास ते बरोबर होतं,” ते म्हणाले. “अर्धा. उरलेला अर्धा माझा आहे. परीक्षेला अजून चार दिवस आहेत.”

त्यांनी माझ्या हातातली चावी घेऊन फिरवली.

“मांडी घाल.”

“गुरुजी?”

“सीटवर मांडी घाल. दोन्ही पाय वर. आणि हाताची घडी.”

मारुतीच्या पुढच्या सीटवर माझ्या देहाच्या माणसानं मांडी घालणं हे सोपं काम नाही. गुडघे डॅशबोर्डला लागले, नवी चप्पल खाली कुठेतरी गेली. पण घातली. हाताची घडीही घातली. मागे काकू आणि समोर बाजाराचा रस्ता, आणि माझ्या बाजूच्या ब्रेकवर कुणाचाच पाय नाही.

“निघतो,” गुरुजी म्हणाले.

गाडी दोनदा आचके देऊन निघाली. पहिला गिअर, मग दुसरा. एक सायकलवाला गेला, एक हातगाडी गेली. माझा पाय मांडीखाली दाबून धरलेला असूनही तडफडत होता. चौक दिसला. सिग्नल हिरवा होता. मी मनात म्हटलं, या अल्ला, हिरवाच राहू दे, जाऊ दे यांना एकदा.

पांढऱ्या पट्ट्याच्या चांगले वीस फूट अलीकडे गुरुजींनी ब्रेक दाबला. असा दाबला की माझं कपाळ काचेला लागता लागता राहिलं, वही फळीवरून खाली आली आणि मागचा डबा सीटवरून घरंगळत पायात पडला. गाडी थांबली. बंदही पडली.

मागून ट्रॅक्टरचा हॉर्न सुरू झाला.

“गुरुजी,” मी म्हणालो, “हिरवा आहे.”

“दिसतंय मला.”

“मग थांबलो का?”

“थांबते का ते बघितलं.”

हॉर्न वाढले. हिरव्याचा लाल झाला तरी आम्ही तिथेच. बंडगर कोर्टातून नुकताच चौकात पोचला असणार. तो धावत आला, गाडी ओळखली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“मास्तर, आत्ता तर सोडलं तुम्हाला कोर्टानं. हिरव्याला थांबलाय व्हय? अख्खा रस्ता अडवलाय की ओ.”

गुरुजींनी काच खाली घेतली. “त्याला बोलू नका. थांबवली ती मी. त्याचे पाय बघा.”

बंडगर वाकला. मांडी घालून, हाताची घडी करून बसलेला मी त्याला दिसलो.

“गुन्हा कबूल आहे,” गुरुजी म्हणाले. “पूर्ण कबूल. लिहा. नाव कुंभोजे, माझं लिहा.”

“शिकणाऱ्याचं नाव लागत न्हाई, गुरुजी,” बंडगर म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं त्यांना गुरुजी म्हटलं. “आणि तुम्हीच थांबवली कशावरनं? मागल्या खेपेला ब्रेक लागला न्हाई म्हणाला हुता.”

मागून काकू पुढे सरकल्या. दोन्ही सीटच्या फटीत त्यांनी आपला सुजलेला चेहरा आणला.

“लिहा ओ साहेब, त्यांचंच नाव लिहा,” त्या म्हणाल्या. “त्यांनीच थांबवली. या खेपेला मी बघितलंय. पुढल्या आठवड्यापासनं मीच बसणार हाय ह्यांच्या शेजारी, मला बघायलाच लागतंय.”